एक निवासी, एक नातेवाईक

दिवा राहू द्या तसाच. ही गोष्ट भर दुपारची आहे, पण ती सांगायची म्हटलं की उजेड जवळ असलेला बरा.

एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता. पन्नाशीला टेकलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, एकुलता एक. घरात तो आणि आई. मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती गिळायचं विसरली. चोवीस तास माणूस हवं, आणि हा दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत दोरांना लटकलेला. नाइलाजाने त्याने तिला बस डेपोच्या मागच्या तीन मजली शुश्रूषागृहात ठेवलं. दुपारचं जेवण मात्र त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. रोज एकच्या ठोक्याला, असेल तिथलं काम सोडून, हातांचं ग्रीस कोपरापर्यंत घासून धुऊन तो तिसऱ्या मजल्यावर हजर.

भरवण्याचीही एक रीत असते. अर्धा चमचा. तोंडात घातला की थांबायचं. मग गळ्यावरून दोन बोटं हलकेच खाली आणायची आणि म्हणायचं, "गिळ, आई." म्हटलं नाही तर घास तासभर गालातच राही आणि कधीतरी श्वासनळीत जाई. वाटीभर पातळ जेवणाला पाऊण तास लागायचा. मजल्यावरच्या मावशींच्या पदरात बावीस म्हातारे होते. एकीला पाऊण तास दिला तर उरलेल्या एकवीस तोंडांनी काय करावं? त्याला हे कळत होतं, म्हणून त्याने कधी कुरकुर केली नाही.

त्या जागेच्या व्यवस्थापकाला सगळे मागून परिपत्रक म्हणत. माणूस बोलायचाच तसा. "उपरोक्त बाबतीत" म्हटल्याशिवाय त्याला शिंकसुद्धा येत नसे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा, की जगातले सगळे म्हातारे त्याच्या फायलीतून निसटून जायला टपलेत. तीन वर्षं लिफ्टवाला रोज त्याच्या केबिनवरून गेला. परिपत्रकाने मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

मग साथ आली आणि दारावर कागद चिकटला. निवाशांच्या सुरक्षिततेसाठी नातेवाइकांना प्रवेश बंद. पहिल्यांदा पंधरा दिवस. मग महिना. मग पुढील आदेशापर्यंत.

आता ती सुरक्षितता कशी होती तेही ऐका. दूधवाला आत जात होता. धुलाईवाला जात होता. पाण्याची टाकी धुणारे जात होते. परिपत्रकाच्या केबिनमधला एसी घरघरायला लागला तर दोघे जण येऊन अर्धा दिवस आत बसले. शववाहिकेची माणसं आठवड्यातून दोनदा मागच्या दाराने यायची, त्यांनाही कुणी हटकलं नाही. हा रोग म्हणे मोठा कुलीन. तो फक्त मुलाच्या, सुनेच्या, नवऱ्याच्या अंगावर बसून आत शिरतो, एसीवाल्याला शिवत नाही. असा शोध ह्या दीडशहाण्यांनी लावला होता आणि त्यावर गोल शिक्का मारला होता.

लिफ्टवाला रोज एक वाजता खाली रस्त्यावर उभा राहायचा. तिसऱ्या मजल्यावरचा डावीकडून चौथा पडदा. तो कधी हलला नाही. पाच वाजता फोन केला की काउंटरवरची मुलगी एका सुरात सांगायची, आजी छान आहेत, पोटभर जेवल्या. कोण भरवतं, किती वेळ लागतो, असं विचारलं की म्हणायची, वहीत जेवल्या असंच लिहिलंय. तो फोन ठेवायचा आणि स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवायचा.

पाचव्या महिन्यात वरून आदेश निघाला. एक निवासी, एक नातेवाईक. दर निवाशामागे घरच्या एकाला अंगभर झगा, मास्क आणि चेहऱ्यासमोर प्लास्टिकची काच लावून रोज एक तास आत जाऊ द्यावं. वरच्यांना माया फुटली असं समजू नका. आत माणसं रोगाने गेली तशी भुकेनेही गेली, आणि तो आकडा चादरीखाली मावेनासा झाला, एवढंच.

सोमवारी निघालेला आदेश ह्याला गुरुवारी कळला. शुक्रवारी सकाळी अर्ज घेऊन तो काचेसमोर उभा. परिपत्रकाने अर्ज वाचला आणि फटीतून परत सरकवला. म्हणाला, ह्या निवासीच्या नावे नातेवाईक सोमवारीच नोंदले गेले आहेत.

कोण, म्हणून ह्याने विचारलं. मुलगी, असं उत्तर आलं.

लिफ्टवाल्याने शांतपणे सांगितलं की आईला मुलगी नाही. मला बहीण नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. परिपत्रकाने वही उचलून काचेला टेकवली. आईच्या नावासमोर 'मुलगी', वेळ एक ते दोन, आणि सही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. ह्याची नजर वर गेली, खाली गेली. कुणाची सून, कुणाचा पुतण्या, कुणाचा नवरा. नाती वेगवेगळी, पण अक्षर सगळं एकाच हाताचं.

"कौटुंबिक वादात संस्था पडत नाही," परिपत्रक म्हणाला. "नाव महिनाभर बदलता येत नाही. आणि खरं सांगू? त्या बाई कधी आवाज चढवत नाहीत. प्रश्न विचारत नाहीत. एकला येतात, दोनला जातात. सगळेच नातेवाईक असे असते तर..."

लिफ्टवाला घरी आला तो जवळजवळ सुखावूनच. संताप कुठे ठेवायचा ते आता कळलं होतं. हे लबाड स्वतःच वही भरतायत, म्हणजे आदेशही पाळला आणि आतही कुणाला घ्यायला नको. त्याने वरच्या कार्यालयात लेखी तक्रार केली. आठ दिवसांनी उत्तर आलं, की सदर संस्थेत आदेशाची शंभर टक्के अंमलबजावणी झाली असून तक्रारीत तथ्य नाही. म्हणजे चोराने दिलेली पावती पोलिसाने नीट घडी घालून परत पाठवली.

बाराव्या दिवशी त्याच्या कंपनीतून फोन आला. डेपोमागच्या शुश्रूषागृहातली लिफ्ट बिघडलीय, तुझ्याच भागात येते, जाऊन ये. बिघाड विचित्र होता. लिफ्ट रिकामी असताना जास्त वजनाचा गजर वाजतो. दिवसभर ठीक, पण रोज दुपारी एक वाजता.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

ज्या पहारेकऱ्याने त्याला पाच महिने फाटकाबाहेर ठेवलं, त्यानेच कंपनीचा निळा शर्ट बघून फाटक सताड उघडलं. या या, कधीची वाट बघतायत. परिपत्रक स्वतः लिफ्टपर्यंत आला. ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. निम्मा चेहरा मास्कमध्ये, आणि उरलेला त्याने अर्ज परत सरकवतानाही कुठे पाहिला होता? तपासणीला पाहुणे येणार आहेत, आजच्या आज नीट करा, असं बजावून तो केबिनमध्ये गेला.

एकला दहा कमी होते. लिफ्टवाल्याने जाऊन थेट जिना चढायचा बेत केला होता. पण तीस वर्षांच्या धंद्याची सवय; यंत्र बिघडलंय म्हटलं की हात थांबत नाहीत. त्याने पाळण्याखालची, म्हणजे लिफ्टच्या डब्याखालची, वजन मोजणारी पट्टी तपासली. स्वच्छ. तारा ठीक, दोर ठीक. स्वतः आत उभा राहिला, वजन बरोबर आलं. आठ माणसांची लिफ्ट, आत एक माणूस. काहीही बिघाड नव्हता.

समोरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि तिच्यावर नातेवाइकांसाठीचे निळे झगे, वीस-बावीस तरी. दालनात चिटपाखरू नव्हतं. फिनेलचा उग्र वास. काउंटरवरची मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला, तशी ती आणखी खाली वाकली.

लिफ्टची जमीन किंचित दबली.

ज्याने सगळं आयुष्य लिफ्टमध्ये काढलंय त्याला हे तळव्यांतून कळतं. कुणी आत पाऊल ठेवलं की पाळणा असाच श्वासाएवढा खाली जातो. पुन्हा दबली. मग पुन्हा. फिनेलच्या वासाखालून दुसरा वास वर आला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटाचा. दार उघडं, समोर रिकामी फरशी, आणि पाळणा एकामागून एक पावलांनी भरत चाललेला. त्याने हात बाजूला नेला नाही. नेला असता तर कशाला तरी लागला असता, अशी त्याची खात्री झाली होती. आठव्यांदा जमीन दबली आणि गजर वाजू लागला.

गर्दीच्या लिफ्टमध्ये शेवटी चढलेला माणूस जे म्हणतो, ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "मी... मी उतरतो."

तो बाहेर आला. गजर थांबला. दारं मिटली आणि लिफ्ट वर निघून गेली. त्याने मागे पाहिलं तर आठ खुंट्या रिकाम्या होत्या, आणि लिफ्ट पुन्हा खाली यायला निघाली होती. काउंटरवरच्या मुलीने वहीतलं डोकं काढलं नाही.

मग तो जिना चढला. धावत नाही, एकेक पायरी. दुसऱ्या मजल्यापासून आवाज येऊ लागला. वाटीला चमचा लागल्याचा. टिण्... मग बराच वेळ काही नाही... मग टिण्. एका खोलीतून नाही, सगळ्या खोल्यांतून, आणि एकाच वेळी.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी मावशी स्टुलावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तीन वर्षांची ओळख. तिने ह्याची पावलं ऐकूनच ओळखलं.

"दादा, तुम्ही परत जा."

"आत कोण आहे, मावशी?"

"नातेवाईक..."

"कुणाचे?"

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "आधी मला वाटलं, बरं झालं. बावीस तोंडं आणि मी एकटी. कुणाचा तरी हात लागतोय... पण ट्रे भरलेलेच परत जातात, दादा. आणि वर सांगतात, वहीत पोटभर लिही."

तो पुढे गेला. दारं सगळी उघडी होती. प्रत्येक पलंगापाशी खुर्ची, खुर्चीत निळा झगा, दाराकडे पाठ. सगळ्यांची उंची एक. सगळ्यांची मान एकाच बाजूला कललेली, आजाऱ्याकडे मायेने झुकतो तशी. कुणीही वळून पाहिलं नाही. डावीकडून चौथ्या खोलीच्या अलीकडे तो थांबला, कारण आतून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"गिळ, आई."

तोच सूर, तोच थोडासा घोगरा शेवट.

आई उशांना टेकून बसली होती. चेहऱ्यावर तृप्ती होती, भरपेट जेवलेल्या माणसाची. आणि त्या तृप्तीखाली नुसती हाडं. गालांच्या जागी खळगे, चादरीखाली काही आहे की नाही असा संशय यावा इतकं अंग. चमचा वर आला, तिने आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. चमच्यात काहीही नव्हतं. वाटी कोरडी होती. तरी तिचा गळा हलला आणि तिने ते जे काही होतं ते गिळलं. जेवणाचा ट्रे पलंगाच्या पायथ्याशी तसाच झाकलेला होता.

तो म्हणाला, "आई."

चमचा थांबला. मजल्यावरचे सगळे चमचे थांबले.

निळ्या झग्याने मान वळवली. त्या दिवसांत तोंडावर प्लास्टिकची काच लावलेला माणूस पाच मिनिटांत वाफेने आंधळा व्हायचा. ही काच आतून लख्ख कोरडी होती. पलीकडे मास्क होता. मास्कच्या वर काय होतं ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही.

"एका निवासीला... एकच नातेवाईक," ती त्याच्या आवाजात म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आणि तो मी आहे."

त्याला वाटलं होतं, काहीतरी होईल. झालं काही नाही. तिने अदबीने उठून खुर्ची दिली आणि ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. कपाटाचा वास मानेवर आला. त्याने ट्रे ओढला, झाकण काढलं, अर्धा चमचा आईच्या तोंडात घातला, थांबला, गळ्यावरून दोन बोटं खाली आणली.

"गिळ, आई."

आईने गिळलं नाही. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि वाट बघत होती.

मागून आवाज आला, "गिळ, आई."

तिचा गळा हलला.

इतका अपमान त्याचा पाच महिने फाटकावर उभं राहूनही झाला नव्हता. भीती होतीच. पण वर आला तो राग. त्याने चादरीसकट आईला उचललं. ओल्या टॉवेलएवढं वजन. वळताना त्याने डोळे मिटून घेतले आणि त्या झगेवालीच्या अंगावरून, की अंगातून, वाट काढत बाहेर आला. खोल्याखोल्यांतून चमचे पुन्हा सुरू झाले होते. मावशीने काही न विचारता जिन्याचं दार धरून ठेवलं.

खाली परिपत्रक भेटला. समोर एक माणूस म्हातारी बाई हातांवर घेऊन उभा आहे, हे त्याला दिसलं असावं. पण पहिला प्रश्न त्याने लिफ्ट झाली का, हाच विचारला.

"लिफ्टला काही झालेलं नाही," लिफ्टवाला म्हणाला. "तुमच्याकडे माणसं जास्त झालीयत."

मग परिपत्रकाला हातातली बाई दिसली. निवासीला हलवायचं तर नोंदणीकृत नातेवाइकाची सही लागते, असं तो सांगू लागला. दुरुस्तीसाठी आलेल्या कामगाराने निवासी सोबत नेण्याची तरतूदच नाही, कोणत्या रकान्यात घ्यायचं? तो खरोखर गोंधळला होता. दोन्ही पेनं खिशातून काढून त्याने परत ठेवली. लिफ्टवाला त्याच्या बाजूने निघून गेला. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. निळा शर्ट होता ना.

घरी आणून त्याने आईला खिडकीपाशी निजवलं. पाच वाजता फोन वाजला. काउंटरवरची मुलगी आपणहून सांगत होती, आजी छान आहेत, पोटभर जेवल्या. त्याने आईकडे पाहिलं, फोन हळूच खाली ठेवला.

पुढचे दिवस कठीण गेले. कामावरून त्याने रजा घेतली. आई घास गालात धरून दाराकडे बघत बसायची. त्याने हट्ट सोडला नाही. अर्धा चमचा, दोन बोटं, तेच दोन शब्द, दिवसातून सहा वेळा, घसा बसेपर्यंत. अकराव्या दिवशी तिने त्याच्या शब्दावर गिळलं. विसाव्या दिवशी वाटी संपली आणि तिने डाव्या हाताने त्याची बाही धरून ठेवली. तो तिथेच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला.

मधल्या काळात, आई झोपली की, फाटकासमोर उभं राहून त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या घरच्यांना सांगून पाहिलं. चार जणांनी भांडून आपली माणसं घरी नेली. बाकीच्यांनी त्याला वेडा ठरवलं. एक मुलगा तर, लांबच्या शहरात राहणारा, फोनवर म्हणाला की रोज कुणीतरी जाऊन बसतंय ना, मग झालं. अशांना ती सोय मनापासून पटली होती. परिपत्रकाला वरून प्रशस्तिपत्र आलं. सबंध विभागात शून्य तक्रारी असलेली ती एकमेव जागा होती.

महिना उलटल्यावर एका सकाळी साथीच्या सर्वेक्षणाची बाई त्याच्या दारात आली. हातात कागद, गळ्यात ओळखपत्र, दिवसभर जिने चढून दमलेली. घरात माणसं किती, म्हणून तिने विचारलं. त्याने सांगितलं, दोन, मी आणि आई. तिने त्याच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरलं, आकडा लिहिला. दोन पावलं आत येऊन खिडकीपाशी बसलेल्या आईसमोर धरलं, आकडा लिहिला.

मग ती वळली आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे हात लांब केला. बटण दाबलं. यंत्र पदराला पुसलं, पुन्हा दाबलं. आईने तोंड उघडलं होतं.

"तुम्हा दोघांचं नीट आलं," बाई यंत्र कानाशी हलवत म्हणाली. "ताईंचंच काही उमटत नाहीये. त्यांना म्हणावं, जरा उजेडात या."